विमानाच्या पायांची खोळ

नख अडकलं म्हणून कळलं.

उड्डाण संपवून विमान हँगरमध्ये ढकललं की ओल्या फडक्याने ते पुसून काढायची माझी सवय आहे. पंखांच्या कडेला चिकटलेली चिलटं, पोटाखालचे तेलाचे ओघळ, चाकांनी उडवलेली माती. पुसणं हे निमित्त असतं. खरं तर सगळ्या अंगावरून एकदा हात फिरवायचा असतो, कारण डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटांना सापडतं. त्या दिवशी डाव्या पायावरून फडकं खाली आणताना फेअरिंगच्या मागच्या कडेशी नख किंचित अडकलं. वाकून पाहिलं तर रंगात केसाएवढी रेघ. कड दोन बोटांत धरून हलकेच दाबली, तर रेघ उघडली. सोडली, तर मिटली. नुसता रंग तडकला असेल तर तो असा हलत नाही. आतलं फायबरग्लास चिरलं होतं.

विमान मी स्वतः बांधलेलं आहे. दोन माणसांचं, ॲल्युमिनियमचं, पंख खाली असलेलं. त्याची चाकं आत ओढली जात नाहीत, उडतानाही बाहेरच राहतात. प्रत्येक चाक एका निमुळत्या पोलादी दांड्याच्या टोकाला आहे. हा दांडा म्हणजेच गिअर लेग, आणि तोच स्प्रिंगचंही काम करतो. विमान टेकलं की दांडा वाकतो, धक्का पोटात घेतो आणि परत सरळ होतो. या दांड्यावर चढवलेली फायबरग्लासची पातळ खोळ म्हणजे फेअरिंग. पुढून गोलसर, मागे निमुळती होत गेलेली; मागच्या कडेला लांब बिजागरी आणि त्या बिजागरीत ओवलेली तार. तार ओढून काढली की खोळ उघडते. चाकावर टोपरं चढवल्यासारखी व्हील पँट असते, आणि खोळ जिथे वर विमानाच्या पोटाला आणि खाली व्हील पँटला भिडते, तिथले सांधे झाकायला छोट्या गळपट्ट्या असतात.

यातलं काहीही विमानाचं वजन पेलत नाही. सगळं काढून ठेवलं तरी विमान उडतं, वळतं, उतरतं. तरीही माझ्या विमानावरचा हा भाग मला फार जवळचा आहे.

गोल दांडा दिसायला किती साधा. हातात धरला तर बोटांना कुठे टोचत नाही, म्हणून वाऱ्यालाही तो सोपा जात असेल असं वाटतं. वाऱ्याचं गणित मात्र वेगळं आहे. समोरून आलेली हवा दांड्याच्या दोन्ही अंगांनी निमूट वळते. सर्वांत रुंद जागा ओलांडली की तिला मागे परत एकत्र यायचं असतं, आणि ते तिला जमत नाही. दांड्याला घासून आलेला हवेचा पातळ थर तोवर दमलेला असतो. पुढे वाढत जाणाऱ्या दाबाला तोंड देण्याइतका जोर त्यात उरलेला नसतो. तो पृष्ठभाग सोडून देतो. दांड्याच्या पाठीमागे भोवरे माजतात, तिथला दाब पडतो आणि ती पोकळी दांड्याला मागे खेचत राहते. लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणितज्ञांच्या परिषदेत या थराचं कोडं उलगडून दाखवलं. छोटंसंच टिपण होतं ते. पण हवा वस्तूला अडवते म्हणजे नेमकं काय करते, हे त्यानंतर माणसाला नीट बोलता यायला लागलं.

त्याच दांड्याला मागे निमुळतं शेपूट जोडलं तर हवेला सावकाश, धीराने एकत्र यायला जागा मिळते. ही किमया किती मोठी, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या आकृतीकडे पाहत बसलो होतो. एखादी गोल तार घ्या आणि त्या तारेच्या दहापट जाडीचा ओघवत्या आकाराचा खांब घ्या. वाऱ्यात दोघांचा अडथळा साधारण सारखाच भरतो. केवळ पाठीमागचा आकार बरा आहे म्हणून दहापट जाडी माफ!

विमानं बांधणाऱ्यांनाही हे उशिराच कळलं. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या लँगली इथल्या नव्या मोठ्या वातबोगद्यात स्पेरी मेसेंजर हे छोटं विमान ठेवून मोजमाप केलं, तेव्हा एकूण अडथळ्यातला सुमारे ४० टक्के वाटा एकट्या उघड्या लँडिंग गिअरचा निघाला. दोनच वर्षांनी केंब्रिजचे प्राध्यापक मेलव्हिल जोन्स यांनी रॉयल एरोनॉटिकल सोसायटीपुढे हिशेब मांडला की हवेला नुसतं अंगावरून घसरत जाऊ देणारं विमान असतं तर किती थोड्या शक्तीत उडालं असतं, आणि प्रत्यक्षातली विमानं भोवरे घुसळण्यात किती शक्ती उधळतात. वेग १० टक्क्यांनी वाढवायचा तर शक्ती जवळपास ३३ टक्के जास्त लागते, कारण ती वेगाच्या घनाने वाढते. इंजिन मोठं करून वेग विकत घेणं म्हणूनच फार महागाचं. दांड्याला शेपूट जोडणं त्या मानाने जवळजवळ फुकट.

चीर सापडली त्याच संध्याकाळी मी दोन्ही खोळी उतरवल्या. डावीच्या तारेला जरा वेळ लागला. बिजागरी वाकलेली होती. खोळ उघडली आणि पोटात गोळा आला. दांड्याच्या मागच्या बाजूने ब्रेकची बारीक नळी खाली जाते. तिच्यावर एका जागी, तांदळाच्या दाण्याएवढ्या लांबीचा, आरशासारखा चकचकीत डाग होता. बिजागरीची कड तिथे घासत होती. नळीवरून नख फिरवलं, खड्डा लागला नाही. अजून आणखी काही महिने असंच चाललं असतं तर काय झालं असतं, हे त्या रात्री पुन्हा पुन्हा मनात येत राहिलं. वजन न पेलणारी वस्तूही घात करू शकते. नळी बदलली, आणि मगच खोळींचा विचार सुरू केला.

चीर बुजवून, वरून कापडाची पट्टी मारून त्याच खोळी परत चढवता आल्या असत्या. मला ते पटेना. सात वर्षांपूर्वी मी त्या घट्ट, नेटक्या बसवल्या होत्या. मग चिरल्या का, हे कळल्याशिवाय पुढे जायचं नव्हतं. माझ्याआधी दोन विमानं बांधून झालेले एक ज्येष्ठ मित्र आहेत. त्यांना बोलावलं. त्यांनी डावी खोळ हातात घेऊन उलटसुलट केली, वरच्या टोकाची स्क्रूची भोकं पाहिली. भोकं गोल राहिलेली नव्हती, लांबट झाली होती.

“बसवलीस तेव्हा विमान कशावर उभं होतं?” त्यांनी विचारलं.

“चाकांवर. इथेच, या जागी.”

“आणि उडताना ते कशावर उभं असतं?”

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

जमिनीवर विमानाचा सगळा भार दांड्यांवर असतो. ते फाकतात, थोडे पिळतात. आकाशात चाकं लोंबत असतात, दांडे मोकळे होऊन आपल्या मूळ आकारात येतात. दुसऱ्या दिवशी विमान आधारावर उचललं आणि मोजलं, तर दोन चाकांमधलं अंतर चांगलं बोटभर कमी झालं. मी खोळी फाकलेल्या पायांना मापून शिवल्या होत्या, आणि त्यावर वरचं टोक विमानाच्या पोटाला आणि खालचं व्हील पँटला स्क्रूने आवळून टाकलं होतं. दर उड्डाणाला पाय सरळ व्हायचे, दर उतरण्याला फाकायचे, आणि मधल्या दोन-तीन थरांच्या फायबरग्लासला ती ओढाताण सोसावी लागायची. खोळीचं काम वाऱ्याचं होतं. मी तिला भार वाहायला लावलं होतं.

आणखी एक जुनी गोष्ट त्याच क्षणी उलगडली. अगदी पहिल्या उड्डाणापासून माझ्या विमानातला घसरण दाखवणारा गोळा मधोमध राहत नसे. अर्धा गोळा उजवीकडे सरकलेला असायचा. म्हणजे विमान जरासं तिरकं चालत होतं. मी शेपटाच्या रडरवर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या उभ्या फळीवर, डाव्या बाजूला एक छोटी लाकडी पाचर चिकटवली, त्यावर रंग मारला आणि गोळा मधे आणला. सगळेच करतात. पण ओघवत्या आकाराची खोळ वाऱ्याला जराशी तिरकी बसली की ती पंख होते, उभा धरलेला पंख. ती एका बाजूला ढकलते. माझ्या दोन खोळी दोन वेगवेगळ्या कोनांत विमानाला ढकलत होत्या, आणि त्यांची चूक झाकायला मी शेपटाकडे दुसरी चूक लावून ठेवली होती.

नव्या खोळींसाठी साचा हवा होता. जुन्या खोळींवरून साचा काढला असता तर त्यांचं वाकडेपण जसंच्या तसं आलं असतं. म्हणून कोऱ्यापासून सुरुवात केली. वरच्या आणि खालच्या टोकासाठी प्लायवुडचे दोन छाप कापले, मधे फोम भरला, आणि लांब फळीला पॉलिश पेपर चिकटवून घासायला बसलो. इथे घाई करून चालत नाही. फोमवर लांबी, म्हणजे खळगे बुजवायची पुट्टी, चांगली भरून, ती सुकल्यावर सगळीकडे पेन्सिलने रेघोट्या मारायच्या आणि लांब फळी तिरकी फिरवायची. उंचवट्यांवरच्या रेघा पुसल्या जातात, खळग्यांतल्या राहतात. उरलेल्या रेघा म्हणजे अजून करायचं काम. पुन्हा लांबी, पुन्हा रेघोट्या, पुन्हा फळी. शेवटी शेवटी सगळ्या रेघा एकदम, एकाच फेरीत नाहीशा होतात, आणि तेव्हा जे समाधान मिळतं त्याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. पोकळ काचेच्या सूक्ष्म गोळ्या एपॉक्सीत, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या राळेत, मलमासारख्या घट्ट कालवून ही लांबी करतात. वजनाला हलकी असते, पण घासताना उडणारी धूळ छातीत जाऊ देऊ नये. या कामात मास्क न लावणाऱ्याशी मी भांडतो.

साच्यावर पॅकिंगची चिकटपट्टी सुरकुती न पडू देता चढवली. तिला एपॉक्सी धरत नाही. त्यावर काचेचं कापड. सरळ उभ्या-आडव्या धाग्यांनी कापलं तर ते पुढच्या गोलाईवर ताठरतं, हात काढला की उठतं. पंचेचाळीस अंशांत तिरकं कापलं की तेच कापड अंगाला बिलगतं. एपॉक्सी ओतलं, रबरी पट्टीने पसरवलं, पांढरं कापड हळूहळू पारदर्शक होत गेलं. कुठे दुधी ठिपका दिसला तर तिथे हवा अडकलेली. पट्टीने ती कडेपर्यंत हाकलत न्यायची. शेवटच्या थरावर पील प्लाय हे नायलॉनचं कापड बसवलं, म्हणजे सुकल्यावर ते सोलून काढलं की खालचा पृष्ठभाग आपोआप खरखरीत, पुढचा लेप धरायला तयार मिळतो. रात्रभर दार लावून ठेवलं. सकाळी मागची कड कापून खोळ साच्यावरून उमलवली. दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे त्याच साच्यावर दुसरी.

पण मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते ओळंब्याबद्दल.

विमान आधारांवर, चाकं अधांतरी, पाणसळीने लांबीत आणि रुंदीत समतल केलेलं. नाकाच्या मध्याखालून एक ओळंबा सोडला, शेपटाच्या मध्याखालून दुसरा. त्यांच्या टोकांखाली फरशीवर दोन खुणा, आणि त्या जोडणारी खडूच्या दोरीची एक सरळ निळी रेघ. ही विमानाची मध्यरेषा. मग प्रत्येक पायाखाली तिला समांतर आणखी एक रेघ. खोळ आता या रेघेशी जुळवायची होती, दुसऱ्या कशाशीच नाही. खोळीच्या पुढच्या कडेवरून एक ओळंबा आणि मागच्या कडेवरून एक, दोन्हींची टोकं रेघेवर यायला हवीत. दांडा तिरपा उतरतो, त्यामुळे वरच्या टोकाला एकदा आणि खालच्या टोकाला एकदा, असं दोनदा पाहावं लागतं.

ओळंबा थांबत नव्हता. पंखा बंद केला. दार लावलं. तरी टोक रेघेच्या या बाजूने त्या बाजूला हलत राहिलं. मित्रांनी तेलाचा एक उथळ डबा आणला आणि ओळंब्याचं टोक त्यात बुडवलं. चार-पाच हेलकावे, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान, आणि मग दोरी थिजल्यासारखी उभी राहिली. मी खोळ केसभर वळवली. दोरी पुन्हा हलली, पुन्हा शांत झाली. आम्ही दोघं गुडघ्यांवर, एकमेकांशी न बोलता, एका दोरीच्या शांत होण्याची वाट पाहत होतो. डाव्या खोळीला तास लागला. उजवीला त्याहून जास्त. जुनी खोळ उत्सुकतेपोटी चढवून पाहिली, तर मागची कड रेघेपासून सरळ अंगठ्याएवढी बाजूला!

खोळ किती धरायची, यावर आम्ही बराच खल केला. तिला दांड्याभोवती मोकळं फिरू देणं धोक्याचं. दांडा तिच्या सर्वांत जाड भागात असतो आणि वाऱ्याचा जोर त्याच्या थोडा पुढे पडतो, त्यामुळे ती एकदा जराशी वळली की वारा तिला आणखी वळवत नेतो. म्हणून फिरायला बंदी: आतून होज क्लिप, म्हणजे नळीवर आवळायची पट्टी, आणि खालचं टोक व्हील पँटशी बांधलेलं, म्हणजे चाक जिकडे जाईल तिकडे तीही जाईल. वरचं टोक मात्र सोडून दिलं. ते विमानाच्या पोटाला लावलेल्या गळपट्टीच्या आत नुसतं शिरतं, कुठेही टेकत नाही. भोवती तीन मिलिमीटर फट. पाय फाकताना ज्या बाजूला झुकतो तिथे थोडी जास्त. फटीतून थोडी हवा शिरते, थोडा वेग जातो. तो मी आनंदाने देतो.

ती वरची गळपट्टी घडवणं हे या सगळ्यातलं सर्वांत सुंदर काम. दांडा पोटाला जिथे भिडतो तिथे एका बाजूला अरुंद कोपरा होतो, आणि अशा कोपऱ्यात दोन्ही पृष्ठभागांचे दमलेले थर एकमेकांत मिसळून लवकर सुटतात. कोपरा गोलाईने भरून काढावा लागतो, आणि ही गोलाई मागे जाताना रुंदावत न्यायची. मुलांच्या खेळण्यातली रंगीत माती कोपऱ्यात भरली, गुळगुळीत गोल काठी ओली करून तिच्यावरून ओढली. मित्र काठी बाजूला ठेवून अंगठ्यानेच फिरवत होते. त्यांच्या अंगठ्याखाली माती अशी वाहत गेली, की तिथे वारा कसा जाणार हे मला डोळ्यांनी दिसलं. त्यावर चिकटपट्टी, त्यावर दोन थर कापड, दुसऱ्या दिवशी माती खरवडून काढली.

खोळी तयार होईपर्यंत काही आठवडे मी उघड्या पायांनीच उडलो. व्हील पँटही काढून ठेवल्या होत्या. ज्या उंचीवर, ज्या पॉवरला नेहमी १४८ नॉट (ताशी सागरी मैल) मिळायचे, तिथे १३५ मिळाले. चढाईत फारसा फरक पडला नाही, कारण तिथे वेगच कमी असतो. सरळ उडताना मात्र विमान कुणीतरी मागून पदर धरल्यासारखं वाटायचं.

नव्या खोळींनिशी पहिलं उड्डाण वारा पडलेल्या एका सकाळी केलं. ठरलेल्या उंचीवर विमान समतल केलं, वेग बसू दिला, पायडलवरचे दोन्ही पाय काढले. गोळा डावीकडे गेला. अर्धा गोळा, स्पष्ट. मला क्षणभर वाईट वाटलं, आणि मग आठवलं: पाचर! ती अजून रडरवर होतीच, आता नसलेल्या चुकीशी झगडत. खाली उतरलो, पातळ पात्याने ती सोडवली आणि पुन्हा उडलो. गोळा मधोमध आला आणि तिथेच राहिला. जीपीएसवर चार दिशांना उडून वेगाची सरासरी काढली ती १५० नॉट भरली. त्या दोन नॉटांवर मी पैज लावणार नाही. हवेचं तापमान जरा बदललं तरी एवढा फरक पडतो. गोळ्याबद्दल मला शंका नाही. रडरवर पाचर होती तिथे आता एक छोटा आयत दिसतो, भोवतालच्या उन्हाने विटलेल्या रंगापेक्षा गडद. तो मी रंगवलेला नाही.

वरच्या फटीच्या आत, गळपट्टीच्या ओठावर, मी मार्करची शाई फासून ठेवली होती. खोळ कुठे घासली तर शाईवर ओरखडा उमटावा म्हणून. दहा उतरण्यांनंतर बॅटरी घेऊन विमानाखाली सरपटलो. उजवीकडची शाई जशीच्या तशी. डावीकडे बाहेरच्या बाजूला एकच बारीक ओरखडा होता, दोन मिलिमीटरचा. चौथी उतरण असणार, तेव्हा शेवटच्या क्षणी आडव्या वाऱ्याने मला खाली आदळलं होतं. त्या जागी पॉलिश पेपरची घडी करून दहा-बारा हात मारले, फट थोडी रुंद केली, आणि पुन्हा शाई लावून ठेवली.